ऐरणीची चोच

ऐरण एका दमात फिरली असती तर पुढचे काहीच घडले नसते. पण ती डेलिया गॅव्हिगनच्या आजोबांच्या काळातली, ओकच्या ओंडक्यावर घट्ट बसवलेली. मदतीला होती फक्त सेली आत्या, जिच्या हातात पहार दिली की ती पहारीलाच टेकून उभी राहायची. त्यामुळे तीन हिसके लागले. एका अंगाला पाण्याची दगडी डोणी आड येत होती, म्हणून तिन्ही हिसके दुसऱ्या अंगाने, म्हणजे सूर्य फिरतो त्याच्या उलटे. आणि लोहारशाळा ऐन चौकात. दिवस वर आला की दारात कोणी ना कोणी सल्ला द्यायला उभा असायचाच. म्हणून डेलियाने हे काम उजाडायच्या आत उरकले.

द्रुमशील गावात एखाद्या लोहाराला कोणाचे वाटोळे करायचे असेल तर त्याने नेमके हेच करायचे असते. उजाडायच्या आत, उलट्या दिशेने, तीनदा ऐरण फिरवायची आणि तिची चोच वैऱ्याच्या घराकडे करून ठेवायची. मग त्या घरात काय व्हायचे ते होते. डेलियाला हे ठाऊक नव्हते असे नाही. बोलायला शिकली तेव्हापासून ती हे ऐकत आली होती. पण त्या पहाटे तिच्या डोक्यात शाप नव्हता. तिच्या डोक्यात तिचा डावा हात होता.

ती डावखुरी. तो हात शाळेत मास्तरांनी छडीने सुधारायचा प्रयत्न केला आणि लोहारशाळेत बापाने. थेडी गॅव्हिगन माणूस वाईट नव्हता. मुलगा नाही म्हणून त्याने मुलीला हातोडा दिला, लोक हसले तरी दिला. पण उजव्या हातात दिला. डावा हात सांडशीसाठी, असे त्याचे म्हणणे. ऐरणही त्याच्या हाताला बसेल अशी मांडलेली: पाठीशी भट्टी, समोर ऐरण, आणि ऐरणीची निमुळती चोच डावीकडे, घरच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे. डावखुऱ्या माणसाला ती उजवीकडे हवी. ऐरणीच्या पलीकडे जाऊन उभे राहावे, तर भट्टीतले लाल लोखंड वळसा घालून आणेपर्यंत काळे पडते.

बाप होता तोवर तिचे निभावले, कारण अवघड ठोके तोच मारायचा. शरद संपता संपता तो गेला, आणि त्या हिवाळ्यात द्रुमशीलच्या घोड्यांचे नाल रस्त्यात गळून पडू लागले.

चौकातली ती जागा कोणाच्याच नावावर नव्हती. जोवर तिथे लोहार आहे तोवर जागा लोहाराची. लोहार संपला की गावाने जमून ठरवायचे, हा रिवाज. ते ठरवायची सगळ्यात घाई झाली होती समोरच्या दुकानदाराला, बार्टली कुनीनला. त्याला त्या जागी पेट्रोलचा पंप हवा होता. मोटारी गावात अजून यायच्या होत्या, पण बार्टली गिऱ्हाईक यायच्या आधीच दुकान झाडून ठेवणारा माणूस.

ऐरण फिरली त्याच्या आदल्या दिवशी तो लोहारशाळेच्या दारात आला होता. आत येणाऱ्याने 'देव या कामाला बरकत देवो' म्हणायचे आणि भात्याला एकदा तरी हात लावायचा, ही त्या मुलखातली रीत. जो हे न बोलता आत येतो त्याच्या मनात काळेबेरे असते. थेडी गेल्यापासून मात्र लोक दारातच थांबत, काम सांगत आणि त्या वाक्याच्या जागी हवापाण्याचे काहीतरी बोलत. डेलियाच्या हे लक्षात आले होते. ती कोणाला तसे म्हणाली नव्हती.

बार्टलीने हवापाण्याचेही काढले नाही. तो चौकटीला रेलला आणि त्याने एक नाल जमिनीवर टाकला.

"माझ्या घोडीचा. काल ठोकलास, आज गळाला."

"आणा घोडी. परत ठोकते."

"परत गळायला?" तो म्हणाला. "मी आल्या आल्या 'बरकत देवो' म्हणालो नाही, ते आलं का ध्यानात?"

"आलं की. तुम्ही शब्दसुद्धा फुकट देत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

दाराजवळच्या दगडावर म्हातारा माइल्स रुएन नांगराचा फाळ मांडीवर घेऊन बसला होता. महिनाभर तो हाच फाळ घेऊन येत होता आणि डेलियाच्या हातात न देताच परत नेत होता. तो खुदकन हसला आणि लगेच त्याने खोकल्याचे सोंग केले.

"बरकत कामाला मागतात, पोरी," बार्टली म्हणाला. "इथे काम कुठाय? इथे नुसता आवाज आहे. मार्चच्या बाजाराला सगळी माणसं चौकात असतील, तेव्हा विचारणार आहे मी त्यांना. लोहार नाही तर लोहारशाळा कशाला?"

"विचारा की. फक्त तोवर चौकटीला न टेकता सरळ उभं राहायला शिका, मिस्टर कुनीन. भाषण करायचंय ना?"

तो गेल्यावर डेलियाने नाल उचलला. टाच एका बाजूला पातळ झाली होती, खिळ्यांची भोके तिरकी. काम वाईट होते. बार्टलीच्या तोंडाला उत्तर होते, पण या नालाला नव्हते. ती बराच वेळ तो हातात घेऊन उभी राहिली. मग तिने पाहिले की तो तिने डाव्या हातात धरला आहे, आणि तिला बापाचा राग आला. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. रडण्यापेक्षा ते बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी ऐरण फिरली. तांबडे फुटताना दुधाची कॅन घेऊन डेअरीकडे निघालेल्या गाडीवाल्याने लोहारशाळेच्या उघड्या दारातून तिसरा हिसका पाहिला. चोच कुठे थांबली तेही पाहिले. ती थांबली चौकाच्या पलीकडे, बार्टली कुनीनच्या दुकानाच्या नेमकी समोर. गाडीवाल्याने क्रूसाची खूण केली आणि घोड्याला चाबूक मारला. डेअरीत दूध पोहोचण्याआधी बातमी पोहोचली.

आणि दुपार व्हायच्या आत बार्टली कुनीन अंथरुणाला खिळला. पाठ अशी धरली की त्याला सरळ होता येईना. कोयत्यासारखा वाकून तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि कण्हत राहिला. मग माइल्सला आदल्या दिवशीचे बोलणे आठवले. सरळ उभं राहायला शिका, पोरगी म्हणाली होती. त्याने ते सांगितले, आणि सांगताना आवाज खाली आणला, म्हणजे लोक जवळ सरकून ऐकतील.

*

डेलियाला यातले काही दोन दिवस कळले नाही, कारण त्या दोन दिवसांत तिने ऐरणीपासून मान वर केली नाही. डाव्या हाताचा ठोका जिथे हवा तिथे पडत होता. चोचीवर नाल वळवताना लोखंड जणू आपणहून वळत होते. तिने बापाच्या भंगारातल्या पट्ट्या काढल्या आणि नाल केले, बिजागऱ्या केल्या, कोणी मागितला नव्हता असा एक फाळ केला. भाता ओढता ओढता सेली आत्या दमली, तरी डेलियाची ऐरण थांबली नाही.

"अगं बाई, गिऱ्हाईक कुठाय?" आत्या म्हणाली. "कोणासाठी ठोकतेयस?"

तेव्हा कुठे डेलियाने दाराबाहेर पाहिले. दगडावर माइल्स नव्हता. चौकातून एक बाई दुकानाकडे चालली होती. लोहारशाळेच्या समोर येताच ती वळली, डबक्यातून गेली, डुकरांच्या खोपटामागून फिरली आणि दुकानात मागच्या दाराने शिरली.

"तिला काय झालं?"

मग आत्याने सांगितले. आत्याला पहिल्याच दिवशी कळले होते. तिने ते जपून ठेवले होते, सणाची साखर ठेवावी तसे.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय? तू जाऊन खुलासा करत बसली असतीस." सेली आत्याने भात्याचा दांडा सोडला आणि ती उलट्या बादलीवर बसली. "ऐक माझं. तुझ्या आजोबांनी एकदा ऐरण फिरवली होती म्हणतात, जमीनदाराच्या कारभाऱ्यावर. खरं-खोटं देव जाणे. पण त्यानंतर उभ्या हयातीत कोणी त्यांच्या दारात आवाज चढवला नाही. तू फक्त गप्प बस. हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. बाजाराच्या दिवशी ही जागा मागायची कोणाची छाती होणार नाही."

"आणि काम?"

"काय काम?"

"नाल, आत्या. नांगर. काम कोण आणणार? माझ्या चोचीपुढून बाई दुकानात जाईना, घोडा कोण आणेल?"

"जागा तर राहील."

"नुसती जागा घेऊन काय करू? कोंबड्या पाळू?"

आत्याला हे पटले नाही. तिच्या मते माणसाला लोक घाबरत असतील तर त्याचे निम्मे काम झालेले असते. रविवारी पाद्र्यांनी वेदीवरून सांगितले की लोखंडात कसली शक्ती नसते आणि असल्या गोष्टी मानणे पाप आहे. आणि मिस्सा झाल्यावर ते स्वतः सायकलवरून घरी गेले ते दलदलीकडच्या रस्त्याने, जो लांबचा आणि चिखलाचा आहे. आत्याने हे पाहून ठेवले आणि घरी येऊन डेलियाला तीन वेळा ऐकवले.

बाजाराला थोडे दिवस उरले तेव्हा विनी कुनीन आली. बार्टलीची बायको ती, त्याच्याहून बरीच लहान. डेलिया आणि ती शाळेत एका बाकावर बसायच्या, आणि मास्तरांची छडी डेलियाच्या हातावर पडली की विनी तिला आपल्या उजव्या हातातली पेन्सिल दाखवायची: अशी धर, अशी. ती दुकानातून मागच्या दाराने निघून, डबके ओलांडून आली होती. बुटांना चिखल होता.

"तूसुद्धा?" डेलिया म्हणाली.

"त्याने शपथ घातली गं. खिडकीतून बघत असतो." विनी आत आली, पण ऐरणीच्या मागच्या बाजूने. "मी भांडायला नाही आले. निरोप आणलाय. तो म्हणतो, चोच जशी होती तशी फिरव. बाजाराच्या दिवशी, सगळ्यांसमोर. मग तो जागेवरचं आपलं म्हणणं सोडेल. तेही सगळ्यांसमोर. पंप कुठे दुसरीकडे लावेल."

भाता थांबला. सेली आत्या बादलीवरून अर्धी उठली.

"खरंच असं म्हणाला?" डेलियाने विचारले.

"देवाशपथ. रात्रंदिवस कण्हतोय. कूस बदलायची तर मी धरून बदलते. काल म्हणाला, मेलो तर माझ्या शवपेटीवर डेलियाच्या हातचे खिळे मारू नका." विनीला हसू आले आणि तिने ते ओठांत दाबले. "फिरव ना गं. अर्धं वळण तर आहे. जागा तुझी, ऐरण तुझी, त्याची पाठ त्याची."

"आणि हात?"

"कुठला हात?"

डेलियाने भट्टीतून पट्टी काढली, ऐरणीवर धरली आणि डाव्या हाताने चार ठोके मारले. विनी बघत राहिली. तिने हा हात वळ उठलेला पाहिला होता. असा कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे यासाठी फिरवलीस?" ती हळूच म्हणाली.

"यासाठीच."

"मग सांग ना सगळ्यांना!"

"सांगेन. पण फिरवणार नाही. जाऊन सांग त्याला."

विनी दाराशी थांबली. तिला अजून काही बोलायचे होते. मग ती पुन्हा डबक्याच्या वाटेने गेली.

"तुझ्या बापाने तुझा हात नाही, डोकं सरळ करायला हवं होतं," सेली आत्या म्हणाली.

*

बाजाराच्या दिवशी चौक सकाळीच भरला. गुरे, घोडे, मेंढ्या, ओल्या लोकरीचा वास, दलदलीतून खणलेल्या पीटच्या सरपणाचा धूर. आणि एवढ्या गर्दीतही लोहारशाळेच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंत एक रिकामी पट्टी. तिच्यावर पाऊल पडत नव्हते. एक वासरू सुटून तिथे गेले तेव्हा त्याच्या मालकाने त्याला हाक मारून मारून बोलावले, पण आणायला गेला नाही.

डेलिया दारात आली. एका हातात खुर्ची, दुसऱ्यात चहाचा कप. तिने खुर्ची ऐरणीच्या चोचीच्या अगदी पुढे ठेवली आणि बसून चहा प्यायला सुरुवात केली. रिकाम्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी द्रुमशील तिच्याकडे बघत होते.

मग बार्टली आला. चौक ओलांडायचा तर चार पावले, पण तो घोडागाडीत बसून, सगळ्या गर्दीला वळसा घालून, बाजूने आला. गाडीत गवताच्या पोत्यांवर तो कुशीवर टेकला होता. लगाम विनीच्या हातात. घोडीच्या एका खुराला नाल नव्हता. तिथे गोणपाट बांधले होते.

"द्रुमशीलच्या लोकांनो," त्याने सुरुवात केली, पण वाकलेल्या माणसाचा आवाज त्याच्याच पोटात जातो. त्याने पुन्हा सुरुवात केली. "मी या जागेबद्दल बोलणार होतो. आता एकच बोलतो. हिने ती ऐरण जशी होती तशी फिरवावी. आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत. मी जागा सोडली. तुम्ही साक्षीदार."

गर्दीतून सुस्कारा निघाला. सगळ्यांना बरे वाटले. भांडण मिटले, आणि बाजार अजून व्हायचा होता. दोघे तरणे पहार आणायला निघालेसुद्धा.

"राहू द्या पहार," डेलिया म्हणाली. "मी फिरवणार नाही."

"ऐकू नाही आलं का तुला? तो जागा सोडतोय!" कोणी ओरडले.

"आलं ऐकू. फिरवली तर मी शाप दिला होता असं होईल. मी दिला नाही. आणि उद्यापासून मला पुन्हा उजव्या हाताने ठोकावं लागेल, आणि पुन्हा तुमचे नाल गळतील. मी डावखुरी आहे. चोच माझ्या हातासाठी फिरवलीय. दुकान तिच्या समोर आहे, कारण दुकान तिथे आहे. मी बांधलं नाही ते."

"डावा हात चांगला नव्हे," मागून एका बाईने सांगितले.

"मग डावीकडचा डोळा मिटून माझ्याकडे बघ, मावशी."

हसू पसरले, पण भीती गेली नव्हती. माइल्स रुएन फाळ काखेत धरून पुढच्या रांगेत होता. तो म्हणाला, "बोलायला तू तुझ्या बापापेक्षा बरी आहेस, डेलिया. पण उजाडायच्या आत, उलट्या दिशेने, तीनदा. हे कसं?"

"ती ऐरण तुम्ही उचलून बघितलीय कधी? एकदा फिरवून दाखवा एका दमात. आणि डोणी कुठाय ती बघा; दुसरीकडून फिरेल का सांगा." ती उभी राहिली. "आणि हे सांगा. इतकी वर्षं ती चोच कुठे होती? आमच्या स्वयंपाकघराकडे. माझी आई दिवसातून दहादा तिच्यापुढून जायची. तेव्हा कोणी म्हणालं नाही, थेडीने बायकोला शाप दिला म्हणून."

"पण तुझी आई गेली की गं," कोणीतरी म्हणाले, "देव तिला शांती देवो."

"साठी ओलांडून गेली. आणि लोखंडाने नाही, रागाने. तुमच्यातल्या निम्म्यांना तिने शिव्या घातल्यात, आठवत असेल."

आठवत होते. यावेळी हसणे मोठे होते. बार्टली मात्र हसला नाही.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "फिरव."

"नाही."

"मग मी जागा सोडत नाही. विचारतो मी सगळ्यांना. इथे लोहार आहे का?"

डेलियाने कप खुर्चीवर ठेवला. "विनी, घोडी सोड. आत आण."

विनी थांबली. गाडीपासून लोहारशाळेपर्यंतची सरळ वाट त्या रिकाम्या पट्टीतून होती. दुसरी वाट डबक्यातून. नवऱ्याने मान हलवली: नाही. विनीने घोडी सोडली, तिच्या मानेवर हात ठेवला आणि सरळ चालली, चोचीच्या पुढून, चौकाच्या मधोमध. घोडीने वाटेत लीद टाकली. आणखी काही झाले नाही.

मग द्रुमशीलने एक नाल होताना पाहिला. डेलियाने घाई केली नाही. सेली आत्याने भाता ओढला, लोखंड लाल झाले, पिवळे झाले. सांडशी उजव्या हातात, हातोडा डाव्या. ठोक्यांचा आवाज थेडीच्या ठोक्यांसारखा नव्हता. त्याच्यापेक्षा हलका आणि जलद होता. पण कान असलेल्या कोणालाही कळले की यातला एकही ठोका वाया जात नाही. नाल चोचीवर वळला. खुरावर गरम टेकवल्यावर धूर उठला आणि घोडी गप्प उभी राहिली. डोणीत नाल विझला तेव्हा पुढच्या रांगेतले लोक आपण दारापाशी कधी आलो हे विसरले होते.

शेवटचा खिळा वळवून झाल्यावर डेलिया बाजूला झाली. माइल्सने वाकून खूर उचलला. कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"काय?" बार्टलीने गाडीतून विचारले.

"बसलाय," माइल्स म्हणाला. "हा काही गळत नाही."

"नाल बसला असेल. माझ्या पाठीचं काय?"

"तुझ्या पाठीचं!" विनी म्हणाली. तिचा आवाज एवढा चढलेला गावाने कधी ऐकला नव्हता. "पाठीचं सांगू? सगळ्यांना सांगू? त्या सकाळी पंप आला. शहरातून, गाडीवर, लोखंडी, हा एवढा! गावाला कळायला नको म्हणून गडी न बोलावता एकट्याने ढकलत गोठ्यात नेला, गवताखाली लपवायला! तिथेच पाठ गेली. मी ऐकला तो आवाज!"

सगळ्या माना बार्टलीकडे वळल्या.

"पंप आला?" माइल्सने विचारले. "आलासुद्धा? आम्ही ठरवायच्या आधी?"

"आम्हाला विचारणार होतास ना, बार्टली?"

"गवताखाली! अंडी उबवायला ठेवलाय का?"

बार्टली लाल झाला. पण माणूस हटणारा नव्हता. "उचललं, मग? त्याच्या दुप्पट ओझी मी जन्मभर उचलली. त्याच सकाळी का पाठ जावी? त्याच सकाळी?" आणि मग, बाकी कोणाकडे न बघता, तो डेलियाला म्हणाला, "ऐरण नाही फिरवत तर नको फिरवूस. पाणी तरी दे. डोणीचं."

लोहाराच्या डोणीतल्या पाण्याने चामखीळ जाते, खरूज जाते, धरलेली पाठ सुटते. ज्याची आजी जिवंत आहे त्याला हे सांगावे लागत नाही. डेलियाने डबा घेतला आणि भरला.

"न्या. यात राख आहे आणि गंज आहे. पाठ सुटेल असं मी म्हणत नाही."

बार्टलीने हात पुढे केला. माइल्स मध्ये उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत खोकल्याचे सोंग करतानाचा तोच भाव होता.

"थांब जरा, बार्टली. कोणाचं पाणी घेतोयस?"

"म्हणजे काय कोणाचं?"

"नाही, विचारून ठेवलेलं बरं. लोहार नसेल तर हे नुसतं घाण पाणी. तुझ्या डुकरांच्या डबक्यात याहून चांगलं आहे. उपाय व्हायचा तर पाणी लोहाराचं हवं. मग सांग. इथे लोहार आहे का?"

सगळे बार्टलीकडे बघत होते. त्याने डब्याकडे पाहिले, दुकानाकडे पाहिले, ऐरणीच्या चोचीकडे पाहायचे टाळले. हलताना पाठीतून कळ गेली आणि त्याचा चेहरा पांढरा झाला.

"आहे," तो म्हणाला.

"आणि लोहाराच्या दारात आल्यावर काय म्हणतात?"

"माइल्स," डेलिया म्हणाली, "पुरे. पाणी द्या त्याला. मी ते वाक्य त्याच्याकडून मागितलेलं नाही."

तिने डबा स्वतः नेऊन त्याच्या हातात दिला. बार्टलीने तो छातीशी धरला. विनीने घोडी पुन्हा जुंपली आणि गाडी वळायला लागली तेव्हा त्याने, दात आवळून, जवळजवळ शिवी द्यावी तसे म्हटले, "देव या कामाला बरकत देवो."

"आणि तुमच्या पाठीला," डेलिया म्हणाली.

माइल्सने फाळ ऐरणीच्या बुडाशी ठेवला. तो ठेवायला तो चोचीच्या पुढूनच आला, जरा घाईने, खिशात जपमाळ घट्ट धरून, पण आला. वाक्य म्हणाला, आणि भात्याचा दांडा सेली आत्याच्या हातातून काढून घेतला. त्याच्यामागे आणखी दोघे फाळ घेऊन उभे राहिले. कोणी हात वर करायला सांगितले नाही, कोणी मोजले नाही. दुपारपर्यंत दाराबाहेर घोड्यांची रांग होती आणि जागेबद्दल बोलायचे लोक विसरून गेले होते.

काही दिवसांनी बार्टली कुनीन सरळ झाला. तो म्हणाला पाण्याने, विनी म्हणाली गरम फ्लॅनेलच्या शेकाने आणि सेली आत्या जे म्हणाली ते पाद्र्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून हळू म्हणाली. पंप त्याने आपल्याच दुकानाशी लावला, पण दर्शनी भिंतीला नाही. चोचीच्या रेषेबाहेर, पार कोपऱ्यात, डुकरांच्या खोपटाला लागून. त्या उन्हाळ्यात पहिली मोटार आली, ती मागे घेता घेता डबक्यात रुतली आणि ओढून काढायला बार्टलीची घोडी लागली. चारही नालांवर ती घट्ट उभी होती.

डेलियाने ते ऐरणीपाशी उभ्या उभ्या पाहिले. तेवढ्यात दारात पलीकडच्या गावचा एक नवा माणूस आला, घोडा धरून. देव या कामाला बरकत देवो, म्हणाला. मग चोचीकडे पाहून घुटमळला.

"बाई, ती जरा तिकडे करता येईल का? घोडा आत येईपर्यंत फक्त?"

"नाही," डेलिया म्हणाली आणि भाता ओढला. "आण आत."